बूचरावांची चिठ्ठी

बूचराव बाटलीला कान लावून ऐकायचे. डॉक्टर छाती ऐकतो तसं नव्हे. शेजारचं भांडण ऐकायला माणूस भिंतीला कान लावतो तसं. डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं, श्वास धरलेला. मग बाटली खाली ठेवून निकाल द्यायचे. "ही बोलते." "ही निजली." आणि कधी भुवया चढवून, "हिला राग आला आहे, सेट्टु. हिला ओल्या गोणींत ठेवा." मी पंचवीसहून जास्त वर्षं बाटल्यांचा धंदा करतो. माझ्या हातांतून किती बाटल्या गेल्या त्याची गणती नाही. एकीनेही मला कधी काही सांगितलं नाही.

हा माणूस मला फसवून गेला. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल बरंच चांगलं लिहिणार आहे आणि वाचणाऱ्याचा गैरसमज व्हायला नको.

त्यांचं आडनाव राव. तंजावरकडून आलेल्या मराठी घरांत दर दुसरा माणूस राव असतो, त्यामुळे त्यावरून काही कळत नाही. चेन्नईत वेस्ट मांबलमला एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एकटे राहायचे. बायको वारलेली, मुलगी बंगळूरला. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी सांभाळण्यात सगळी नोकरी सरली, आणि निवृत्त झाल्यावर हात रिकामे राहवेनात म्हणून ते घरी बिअर बनवायला लागले. विकायला नाही. स्वतःला आठवड्याला दोन बाटल्या, बाकीच्या ज्यांच्यावर जीव असेल त्यांना. कायद्याचं काय, असं मी एकदा विचारलं होतं. "कायद्यानें विचारलें नाहीं, मी सांगितलें नाहीं," म्हणाले. बूचराव हे नाव मी ठेवलं, कारण बाटलीच्या तोंडाशी जे असतं, बूच म्हणा, टोपण म्हणा, दातेरी पत्र्याचं झाकण म्हणा, त्याहून महत्त्वाचं जगात काही आहे असं त्यांना वाटतच नसे. तोंडावर मी त्यांना काका म्हणायचो. ते मला सेट्टु म्हणायचे.

सेट्टु म्हणजे इथे मारवाडी दुकानदार. मी कितीदा सांगितलं, "काका, मी सेट्टु नाही. मी सांगली जिल्ह्यातला."

"उत्तरेकडून आलेला, दुकानांत बसलेला, मोठ्यानें बोलणारा. सेट्टुच तो," ते म्हणायचे. "आणि तुमची ती मराठी. वर्तमानपत्रांतली. आमची पाहा. राजांबरोबर आली तशीच आहे, मध्यें धुतली देखील नाहीं."

मी सोळाव्या वर्षी गलाईच्या कामाला इथे आलो. आमच्या भागातली माणसं सोनं गाळायला देशभर जातात. सोनारांच्या दुकानातला केर, भट्टीची राख, मोरीतला चिखल उचलायचा, धुवायचा, आणि त्या गाळातून सोन्याचा कण काढायचा. सहा वर्षं मी गाळ धुतला. तेजाबाच्या धुराने छाती भरली तेव्हा ते सोडलं आणि जॉर्ज टाउनच्या एका बोळात रिकाम्या बाटल्या मांडून बसलो. लोणचंवाले, सरबतवाले, अत्तरवाले माझ्याकडे यायला लागले. मला शिक्षण नाही, ओळख नाही, चुलता-मामा नाही. माझ्याकडे एकच विद्या, घासाघीस. समोरच्याने तोंड उघडायच्या आधी मला कळतं, हा कुठे थांबणार.

बूचराव पहिल्यांदा आले तेव्हा ते मला कळलं नाही. भर दुपारी छत्री घेऊन आले आणि चाळीस तपकिरी बाटल्या मागितल्या. मी नेहमीप्रमाणे दुप्पट भाव सांगितला. "सरि," म्हणाले, म्हणजे ठीक आहे. मी गोंधळलो. मग ते स्टुलावर बसले आणि तीन तास एकेक बाटली तपासत राहिले. तोंडाच्या कडेवरून नख फिरवायचं, उन्हात धरून तडा पाहायचा, आत नाक घालायचं. स्क्रूच्या आट्यांच्या बाटल्या त्यांनी हात न लावता बाजूला सारल्या. त्यांच्या तोंडावर दातेरी झाकण धरत नाही, हे बाटलीवाला असून मला तेव्हा कळलं.

"ह्यांत कोणीं तरी आवक्कायचें लोणचें भरलें होतें."

"काका, ती चार वेळा धुतली आहे."

"तुम्हीं धुतलें. तिनें सोडलें नाहीं."

शंभरातून अकरा घेतल्या. मला इतकी लाज वाटली की मी स्वतःहून भाव उतरवला, आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी तो घेतला नाही. "पहिलें सांगितलें तेंच खरें असायला पाहिजे," म्हणाले आणि पिशवी सावरत निघाले. जो माणूस भाव पाडतच नाही त्याच्याशी भांडायचं कसं? पुढच्या शनिवारी उरलेल्या एकोणतीस बाटल्या मी स्वतः निवडून, नखाने कडा तपासून, मांबलमला त्यांच्या घरी पोचवल्या. त्या दिवसापासून आमचा देण्याघेण्याचा हिशेब संपला. मी बाटल्या द्यायचो, ते भरून परत द्यायचे.

त्यांच्या जिन्यातच तो वास यायचा. मोड आणून भाजलेल्या सातूचा गोड, आणि त्यात हॉप्स नावाची कडू वाळकी फुलं उकळल्याचा कडवट. खालच्या मजल्यावरच्या मामींना वाटायचं, राव सार, म्हणजे राव सर, कसलंसं कषाय, म्हणजे काढा, करतात. त्या दारात उभ्या राहून विचारायच्या, "सार, गुडघ्याला चालेल का हो हे?" मग बूचराव दर खेपेला शेजारच्या शेगडीवर सुंठ-मिरीचं खरं कषाय वेगळं काढायचे आणि तांब्या भरून मामींना नेऊन द्यायचे. "मी त्यांस कषाय म्हटलें. म्हटलें तर द्यायला पाहिजे," असं त्यांचं म्हणणं. एका शब्दाखातर हा माणूस आठ वर्षं सुंठ कुटत बसला. म्हणून तर माझा राग जास्त.

मोठं स्टीलचं पातेलं ते न्हाणीघरात पाण्याच्या टबात ठेवायचे, वर ओलं फडकं. चेन्नईच्या उन्हाळ्यात दुसरा उपाय नाही. झाकणातून एक नळी निघायची आणि तिचं टोक पाण्याच्या पेल्यात. आत बिअर आंबायला लागली की पेल्यात बुडबुडे यायचे. बुड, बुड. हे त्यांच्या भाषेत बोलणं. "कोंजम, जरा थांबा, तें अजून बोलतें आहे," असं म्हणून ते वेताचा मोडा ओढून पेल्यासमोर बसायचे आणि मलाही बसवायचे. मी आयुष्यात कशासाठी इतका गप्प बसलेलो नाही.

बिअर बनवणं कठीण नाही, भरणं कठीण, हे मी त्यांच्याकडे शिकलो. बिघडतं ते सगळं बाटलीत. भरताना थोडी साखर घालावी लागते, तिच्यावर बाटलीतलं यीस्ट जगतं आणि फेस तयार होतो. पहिल्यांदा मी प्रत्येक बाटलीत चमच्याने साखर टाकली. निम्म्या बाटल्या गोड पाण्यासारख्या मुक्या राहिल्या आणि एकीने उघडल्या उघडल्या माझा शर्ट, त्यांचं कॅलेंडर आणि छताचा पंखा धुऊन काढला. बूचराव शांतपणे चष्मा पुसत म्हणाले, "साखर एकेकीस द्यायची नाहीं. घरांत तसें केलें कीं भांडणें होतात. पाण्यांत विरघळवून सगळ्यांस एकदम." एकदा आठ बाटल्यांतला फेस नुसता उडून गेला. त्यांनी त्या सायकलच्या ट्यूबसारख्या बादलीत उलट्या बुडवल्या आणि कुठून बारीक बुडबुडा येतो ते दाखवलं. झाकणाखाली काचेचा टवका उडालेला. माझ्याच बाटल्या. ते बादलीकडे बोट दाखवून माझ्याकडे बघत राहिले. मी पुढच्या आठवड्यात माझ्या गोदामातल्या सगळ्या बाटल्यांची तोंडं तपासून घेतली. गिऱ्हाइकांना वाटलं, मला देव भेटला.

दर खेपेला ते एक बाटली प्लास्टिकची भरायचे. काचेच्या आत काय चाललंय ते हाताला कळत नाही, प्लास्टिक दाबून कळतं. मऊ असेल तर फेस झाला नाही, टणक झाली की झाला. "हा आमचा जासूद," म्हणायचे. रोज सकाळी पूजा झाल्यावर जासुदाला दाबून बातमी विचारायचे.

बाटल्यांवर ते चिठ्ठ्या चिकटवायचे. मराठीच, पण तमिळ अक्षरांत. त्यांच्या पिढीची तंजावरी माणसं तमिळ शाळेत शिकलेली. घरी मराठी बोलायची आणि वाण्याच्या यादीपासून मुलीच्या पत्रापर्यंत सगळं तमिळ अक्षरांत लिहायची. मलाही दुकानाच्या पाट्या वाचून वाचून ती अक्षरं येतात, अडखळत. एकदा एका बाटलीवर मी वाचलं, "कोट". मी म्हटलं, "काका, बाटलीवर कोट कशाला?" ते मोड्यावरून पडायचे बाकी राहिले. "गोड, सेट्टु, गोड. तमिळ अक्षरांत क आणि ग एकच. ट आणि ड एकच. कोठें काय वाचायचें तें वाचणाऱ्याच्या मनांत असायला पाहिजे." त्यानंतर महिनाभर मी दारात आलो की विचारायचे, "काय, आज कोट देऊं?"

एक गोष्ट मात्र ते कधी सांगत नसत. भरायचं केव्हा. पातेलं बोलायचं थांबलं की भरायचं, असं म्हणावं, तर कधी थांबल्यावरही ते मान हलवायचे. मे महिन्यात आठ दिवसांत भरायचे, थंडीत अठरा लावायचे. "आज का नाही?" मी विचारायचो. "पोरुमै, सेट्टु," म्हणजे धीर धरा. "नेमके किती दिवस ते सांगा." "तें दिवसांत नसतें." "मग कशात असतं?" "कळेल." मी धंद्यातला माणूस. मला ठाऊक आहे, शहाणा माणूस सगळं दाखवतो आणि शेवटची गोष्ट मुठीत ठेवतो. मीसुद्धा ठेवतो. बूचरावांच्या मुठीत ती एक गोष्ट आहे, आणि ती माझ्याकडे आल्याशिवाय माझी बिअर माझी होणार नाही, हे मी धरून चाललो. चार वर्षं मी तिच्यासाठी शनिवारी दुकान दुपारीच बंद करायचो. सुमन, माझी बायको, म्हणायची, "सख्ख्या बापाला इतका वेळ दिला नव्हतात."

कयलला त्यांच्याकडे मीच नेलं. वेळचेरीला राहते, संगणकाच्या कंपनीत आहे, चाळिशीची, तमिळ. आल्याचं सरबत भरायला बाटल्या घ्यायला आली होती, आणि इतकी चिवट घासाघीस केली की मला कौतुक वाटलं. मोठेपणा मिरवायला मी म्हटलं, "चल, तुला बाटलीतला खरा जाणकार दाखवतो." ती मला अण्णा म्हणायची आणि त्यांना सार. दोन महिन्यांत ती मोड्यावर बसायला लागली आणि मी खुर्चीवर. बूचराव तिच्याशी तमिळमध्ये भराभर बोलायचे. माझ्याशी मराठीत, सावकाश. मला ते तेव्हाच खुपलं होतं.

मग मुलगी त्यांना बंगळूरला बोलवायला लागली. इमारत पाडायची बोलणी चालली होती, गुडघेही थकले होते. मी एका शनिवारी स्पष्टच विचारलं, "काका, जायच्या आधी मला सगळं द्या. केव्हा भरायचं, तेसुद्धा."

"सगळें लिहून देतों," ते म्हणाले.

"शब्द?"

"सेट्टु, मी तुमच्याशी कधीं भाव केला कां?"

मी दोन शनिवार वाट पाहिली. तिसऱ्या शनिवारी मी दोन पेट्या बाटल्या घेऊन जिना चढलो तर दाराला कुलूप. खालच्या मामी बाहेर आल्या. "राव सार बुधवारी गेले. तुम्हाला माहीत नाही?" आणि मग, माझं तोंड बघून, हळूच, "ती वेळचेरीची बाई येऊन पातेलं आणि ते झाकण बसवायचं यंत्र घेऊन गेली. एक वहीपण. तुमच्यासाठी हे ठेवलंय." एक लिफाफा. आत वहीतला एक कागद.

मी त्या जिन्यात बसून तो वाचला. कुत्र्याला भाकरी टाकावी तसा एक कागद मला, आणि पातेलं, यंत्र, वही तिला. तिला, जिला मी नेलं. मला कोणी फसवलं नाही असं नाही. या बाजारात ते रोज होतं, आणि मी ते रोज परत करतो. पण इथे मी कधी पहाराच ठेवला नव्हता. त्या आठवड्यात कयलचे दोन फोन आले. पहिला मी ऐकून न घेता ठेवला, दुसरा उचलला नाही.

चिठ्ठीत सहा ओळी होत्या, त्यांच्या त्या गोल तमिळ अक्षरांत. पहिली, बाटल्या दोनदा धुवा, एकदां तुमच्यासाठीं, एकदां माझ्यासाठीं. दुसरी, साखर विरघळवून सगळ्यांस एकदम. तिसरी, गाळ जाऊं द्या, मग भरा. चौथी, वर दोन बोटें जागा. पाचवी, जासूद ठेवा. सहावी, रागावूं नका.

केव्हा भरायचं, ते कुठेच नव्हतं. मी कागद उलटा करून पाहिला, उजेडात धरून पाहिला. सगळं लिहिलं होतं आणि नेमकं तेवढंच गाळलं होतं. शेवटची गोष्ट मुठीतच घेऊन गेला म्हातारा, आणि वर म्हणतो रागावू नका.

मग मी हट्टाला पेटलो. माझ्या दुकानाला पंचवीस वर्षं होत होती, बाजारातल्या सहा जणांना बोलावलं होतं, आणि मला त्यांना माझ्या हातची बिअर द्यायची होती. नवीन पातेलं आणलं, यंत्र मिळवलं, यीस्टची पुडी मागवली. सगळं त्यांच्यासारखं केलं. चौथ्या दिवशी पेला अजून बोलत होता, थोडा. पण चिठ्ठीत गाळ जाऊ द्या एवढंच होतं, आणि गाळ काढणं मला कोणी शिकवायला नको. सहा वर्षं दुसरं काय केलं होतं? दुहेरी मलमलीतून गाळली, पुन्हा गाळली, पातेल्याच्या बुडाचा सगळा साका मोरीत ओतला. सोन्यासारखी स्वच्छ दिसायला लागली. साखरेचं पाणी घातलं, दोन बोटं जागा ठेवली, छत्तीस बाटल्यांना झाकणं बसवली आणि दुकानामागच्या घरात जिन्याखाली रचल्या. जासूदही ठेवला. दुसऱ्या दिवशी तो दगडासारखा टणक लागला. मला आनंद झाला. सुमनला मी हात लावून दाखवलं.

तिसऱ्या दिवशी जेवताना पहिली फुटली. आम्हाला वाटलं गल्लीत फटाका. मग दुसरी, मग तीन एकदम. मी हात धुवायला उठेपर्यंत सुमन गोणपाट घेऊन जिन्याखाली वाकली होती, बाकीच्या झाकायला. मी ओरडलो, पण तेवढ्यात आणखी एक गेली. काच तिच्या कोपराखाली शिरली. जमिनीवर बिअरचा फेस पसरला होता आणि तो बघता बघता लाल झाला. हाताला सात टाके पडले. दोन बोटं अजून नीट वळत नाहीत. भाकरी थापताना ती डाव्या हाताने थापते.

दवाखान्यातूनच मी बंगळूरला फोन लावला.

"काका, तुम्ही मला फसवलंत."

"काय झालें, सेट्टु?"

"केव्हा भरायचं ते लिहिलं नाहीत. सहा ओळी लिहिल्यात, तेवढंच ठेवून घेतलंत. तिकडे तिला वही, आणि इकडे माझ्या बायकोच्या हातातून डॉक्टर काचा काढतायत."

"लिहिलें आहे हो. तिसरी ओळ पुन्हां वाचा. शांतपणें वाचा."

"पाठ आहे मला तिसरी ओळ. शांतपणे म्हणे. तुमचं तोंड पाहायचं नाही मला," असं म्हणून मी फोन ठेवला. तो दोनदा परत वाजला. हाताला पट्टी बांधलेल्या सुमनने म्हटलं, "उचला हो, म्हातारं माणूस आहे." मी उचलला नाही. घरी येऊन तिसरी ओळ पुन्हा वाचली. गाळच होता. मग मी चिठ्ठी कपाटात टाकली, उरलेल्या बाटल्या गोणपाटाखालीच फोडल्या आणि बूचरावांचं नाव घरात काढायचं नाही असं सांगितलं.

सात महिन्यांनी कयल दुकानात आली. मी मान वर केली नाही. ती स्टुलावर बसली, त्याच स्टुलावर, आणि म्हणाली, "अण्णा, सार गेले. परवा. झोपेतच. त्यांच्या मुलीचा फोन आला होता."

मी पेटीतल्या बाटल्या मोजत होतो. मोजत राहिलो. आकडा चुकला, पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.

"मी बाटल्या घ्यायला आले नाही," ती म्हणाली. तिने पिशवीतून वही काढली. "त्यांनी ही मला दिली. पातेलं त्या दिवशी भरलेलं होतं, अजून बोलत होतं, ते बंगळूरला कसं नेणार? म्हणून माझ्याकडे दिलं. त्यातल्या अर्ध्या बाटल्या तुमच्या होत्या. मी फोन केला, तुम्ही ठेवलात. पण ही वही मला काही कळत नाही, अण्णा. अक्षरं आमची आहेत, भाषा तुमची. मी सारना विचारलं होतं, मी काय करू हिचं? तर म्हणाले, तू मोठ्याने वाच, सेट्टु अर्थ सांगेल."

म्हणजे त्यांनी अक्षरं तिला दिली आणि भाषा माझ्याकडे ठेवली. आम्ही दोघांनी एका मोड्यापाशी बसावं असा त्यांचा बेत. मला न विचारता केलेला.

"वाच," मी म्हटलं. का म्हटलं, मला माहीत नाही. दुकानात दुसरं कोणी नव्हतं.

ती शाळेतल्या मुलीसारखी एकेक अक्षर वाचत गेली, अर्थ न कळता. साखर, बूच, गोणी, सगळं तिच्या तमिळ हेलात. मी अर्थ सांगत होतो. आणि मग एका पानावर तिने वाचलं, "काळ जाऊं द्या. मग भरा."

मी तिला थांबवलं. "परत वाच."

"काळ जाऊं द्या."

"काळ की गाळ?"

तिने वही माझ्याकडे फिरवली. तेच अक्षर, तोच वेलांटलेला गोल. "शब्दाच्या सुरुवातीला आहे ना, अण्णा. आम्ही तिथे क वाचतो. का, वेगळा अर्थ होतो?"

आम्ही वेळ म्हणतो. वेळ जाऊ द्या. काळ म्हटलं की मला यम आठवतो, दुष्काळ आठवतो. पण बूचराव काळच म्हणायचे. मी चार वर्षं ते ऐकलं होतं. "काळ लागतो, सेट्टु." ती शेवटची गोष्ट, मुठीतली, तिसऱ्या ओळीत उघडी पडली होती. आणि तिथे मी गाळ वाचला, कारण माझ्या मनात गाळ होता. कोठें काय वाचायचें तें वाचणाऱ्याच्या मनांत असायला पाहिजे. हे त्यांनी मला सांगितलं होतं, आणि मी कोट म्हणून हसलो होतो.

मी चिठ्ठी आणायला उठलो नाही. उठायची गरज नव्हती. सुमन मागच्या दारात उभी राहून ऐकत होती. ती डाव्या हाताने उजवा कोपर धरून आत गेली.

आता लोकांना वाटेल, मग प्रश्न मिटला, म्हाताऱ्याने फसवलं नव्हतंच. तसं नाही. कयलला मी शेवटी तेवढंच विचारलं, की बाकीचं जाऊ दे, पण न सांगता का गेले? एक माणूस दर शनिवारी जिना चढतो, त्याला बुधवारचं मंगळवारी सांगता येत नाही?

ती म्हणाली, "मीपण विचारलं होतं. ते म्हणाले, सेट्टुला सांगितलं तर तो घासाघीस करील. आणि मी थांबेन."

हे मी त्यांना माफ करणार नाही. चूक माझी, अक्षर माझं, बायकोच्या हाताचा दोष मी कुणावर टाकत नाही. पण एवढं मात्र त्यांनी माझ्याकडून हिसकावून घेतलं. आठ वर्षं मामींना दिलेला शब्द पाळणारा माणूस मला तोंडावर एक वाक्य बोलायला घाबरला, आणि मला माझी एकुलती एक विद्या जिथे खरी लागली असती तिथे वापरू दिली नाही.

त्यांनी म्हणायला हवं होतं, "सेट्टु, मी बुधवारीं जातों." मी जिन्यातच बसलो असतो. मी म्हटलं असतं, दिवाळीपर्यंत थांबा. ते म्हणाले असते, आठ दिवस. मी ओरडलो असतो, उठून गेलो असतो, अर्ध्या जिन्यातून परत आलो असतो. मामी कषायाचा तांब्या घेऊन मध्ये पडल्या असत्या. ते त्यांच्या नियमाबाहेर गेले असते, एकदा, माझ्यासाठी. महिन्यावर ठरलं असतं. मी माणूस ओळखतो. महिन्यावर नक्की ठरलं असतं.